ईमान गेलं असं म्हणू नकोस

प्रिय बेटा,



तू लिहिलंस की अब्बा गेल्यापासून नमाजला उभी राहतेस, पण आत काही हलत नाही. सजद्यात डोकं टेकलं की मनात येतं, ऐकणारं कुणी आहे का? रात्रपाळीला अतिदक्षता विभागात यंत्रांच्या आवाजात बसलेली असताना तोच विचार पुन्हा येतो, आणि मग त्या विचाराचीच धास्ती वाटते. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "खाला, माझं ईमान गेलं का?"

नाही. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश.

असे घाबरलेले लोक हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडेही आले होते, आणि ते कुणी परके नव्हते, सहाबी होते. आमच्या मनात असं काही येतं की ते तोंडावर आणणंसुद्धा फार भयंकर वाटतं, असं त्यांचं म्हणणं. हुजूरांनी विचारलं, खरंच तुम्हाला असं वाटलं का? ते हो म्हणाले. तेव्हा हुजूरांनी त्यांना सांगितलं की हेच निखळ ईमान आहे. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. उलेमांनी तिचा अर्थ असा लावला आहे की वाईट विचार म्हणजे ईमान नव्हे. तो आल्यावर जिवाची जी तगमग होते, तो बोलायला जीभ जी कचरते, ती ईमानाची खूण. ज्याच्याजवळ काही उरलेलंच नाही, तो काही हरवल्याच्या भीतीने खालाला चार पानं लिहीत बसत नाही.

आणखी एक हकीकत सांगते, कारण ती आत काही हलत नाही या तुझ्या तक्रारीला लागू पडते. हंजला (रजि.) हे हुजूरांच्या लेखनिकांपैकी एक. एकदा रस्त्यात त्यांना हजरत अबू बक्र (रजि.) भेटले. त्यांनी ख्यालीखुशाली विचारली, तर हंजला म्हणाले की हंजला मुनाफिक झाला, ढोंगी झाला. अबू बक्र चकित झाले. हंजलांनी समजावून सांगितलं, हुजूरांजवळ बसतो तेव्हा जन्नत आणि जहन्नम डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. घरी गेलो, बायकामुलांत आणि शेतीवाडीत शिरलो की बरंचसं विसरून जातो. अबू बक्र त्यांना उपदेश करू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. माझंही तसंच होतं, एवढंच ते म्हणाले, आणि दोघं मिळून हुजूरांकडे गेले. हुजूरांचं उत्तर मोठं दिलासा देणारं आहे. माझ्याजवळ असता तेव्हाची अवस्था तुम्हाला कायम टिकवता आली असती, तर फरिश्त्यांनी तुमच्या बिछान्यावर आणि वाटेवर येऊन तुमच्याशी हात मिळवले असते. पण एक घटका ही, तर एक घटका ती. असं त्यांनी तीनदा सांगितलं.

बेटा, ज्यांच्या ईमानाचा दाखला साऱ्या उम्मतमध्ये सगळ्यांच्या वर दिला जातो त्या अबू बक्र यांच्या मनालाही ओहोटी माहीत होती. तुझं मन कोरडं पडलं तर त्यात नवल ते काय? ज्या माणसाच्या हाताला धरून तू ईदगाहकडे चालायला शिकलीस, त्याला जाऊन अजून चाळीस दिवससुद्धा झालेले नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ईमान म्हणजे काय? मक्तबात मौलवीसाहेबांनी तुझ्याकडून ईमाने मुफस्सल पाठ करून घेतलं होतं. अल्लाहवर, त्याच्या फरिश्त्यांवर, त्याच्या किताबांवर, त्याच्या रसूलांवर, आखिरतच्या दिवसावर, भल्याबुऱ्या तकदीरवर आणि मेल्यानंतर पुन्हा उठण्यावर विश्वास. लहानपणी हे सगळं एका दमात म्हणून टाकायचं असतं. मोठेपणी मात्र त्यातलं एकेक कलम आयुष्यात समोर येऊन उभं राहतं. तुझ्यासमोर आज शेवटची तीन कलमं एकदमच आली आहेत.

या यादीचा उगम हदीसे जिब्रीलमध्ये आहे, आणि ती हदीस तुला पुन्हा वाचायला सांगेन. हजरत उमर (रजि.) सांगतात, एके दिवशी आम्ही हुजूरांजवळ बसलो होतो. एक अनोळखी माणूस आला. कपडे अत्यंत पांढरेशुभ्र, केस काळेभोर, प्रवासाची धूळ कुठेच नाही, आणि तरी आमच्यापैकी कुणी त्याला ओळखत नव्हतं. तो हुजूरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि प्रश्न विचारू लागला. आधी इस्लामबद्दल विचारलं. हुजूरांनी पाच गोष्टी सांगितल्या, शहादत, नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि ऐपत असेल त्याला हज. मग ईमानबद्दल विचारलं, तेव्हा वरची यादी आली. मग तिसरा प्रश्न, एहसान म्हणजे काय? यावर हुजूरांनी सांगितलं की अल्लाहला पाहत असल्यासारखी त्याची इबादत करणं. आणि तू त्याला पाहत नसशील, तरी तो तुला पाहतोच आहे. तो माणूस निघून गेल्यावर हुजूरांनी उमरना सांगितलं की ते जिब्रील होते, तुम्हाला तुमचा दीन शिकवायला आले होते.

त्या तिसऱ्या उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग वलींचा. आपल्यासारख्यांसाठी दुसरा आहे. आपल्याला दिसत नाही, जाणवत नाही, पण आपण त्याच्या नजरेत आहोत. तुझी नमाज सध्या या दुसऱ्या भागातली आहे. ती कमी दर्जाची आहे असं मला वाटत नाही. मला तर वाटतं की काहीही जाणवत नसताना वुजू करून मुसल्ल्यावर उभं राहणाऱ्या माणसाने काहीतरी खरोखर दिलेलं असतं. डोळे भरून येत असताना नमाज पढणं सोपं असतं.

तुझ्या घरात दोन मसलक नांदले. तुझे अब्बा साताऱ्याकडचे, हनफी. आपण कोकणातले, शाफई. अरबस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर हा मसलक आपल्या किनाऱ्यावर आला आणि इथे रुजला. अस्रची वेळ झाली की तुझी अम्मी आधी मुसल्ला अंथरायची आणि अब्बा सावली दुप्पट होईपर्यंत थांबायचे, हे तू पाहत मोठी झालीस. पण या दोन परंपरांमध्ये ईमानाबद्दलही एक जुना मतभेद आहे, आणि तो आज तुझ्या कामाचा आहे.

या वादाची सुरुवात रक्तपातातून झाली. इ.स. 657 मध्ये सिफ्फीनच्या लढाईनंतर खारिजी नावाचा गट फुटून निघाला. मोठं पाप करणारा माणूस ईमानातून बाहेर गेला, काफिर झाला, असं ते म्हणू लागले, आणि या एका मताच्या जोरावर त्यांनी मुसलमानांच्याच माना कापल्या. हजरत अली (रजि.) यांचा खून करणारा माणूस त्यांच्यातलाच. दुसऱ्यांच्या ईमानाचा निवाडा करायला बसलेला माणूस कुठवर जाऊ शकतो, हे मुसलमानांनी पहिल्या पन्नास वर्षांतच पाहिलं. पुढे कूफ्यात रेशमाचा व्यापार करणारे इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. 767) यांनी मांडलं की ईमान म्हणजे मनाने खरं मानणं आणि जिभेने कबूल करणं. ते मुळात कमी-जास्त होत नाही. अमल वेगळे. पापी माणूस पापी असेल, पण तो मोमिनच राहतो. इमाम शाफई, इमाम अहमद आणि नंतर इमाम बुखारी यांचं म्हणणं वेगळं होतं. ईमान म्हणजे बोलणं आणि करणं, ते आज्ञापालनाने वाढतं, गुन्ह्याने घटतं. बुखारींनी आपल्या संग्रहात ईमानाचं प्रकरण याच विधानाने सुरू केलं आहे.

उलेमांचा हा वाद शतकानुशतकं चालला. मला विचारशील तर तुला दोघांचीही गरज आहे. अबू हनीफांचं मत तुला सांगतं की तू मनाने मानतेस आणि जिभेने कबूल करतेस, तोवर एखाद्या काळोख्या रात्रीने तुला कुणी बाहेर काढू शकत नाही. तू स्वतःसुद्धा नाही. शाफईंचं मत सांगतं की हे ठेवून दिलं तर झिजतं, वापरलं तर वाढतं. माहेर आणि सासर दोन्हीकडून माणसाला काहीतरी मिळतं, तसं तुला अब्बांकडून धीर आणि आपल्याकडून जबाबदारी मिळाली असं समज.

आणि प्रश्न पडण्याचं म्हणशील, तर सूरह बकरामध्ये हजरत इब्राहीम (अलै.) यांनी खुद्द अल्लाहला विचारलं आहे की तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असं अल्लाहने विचारलं. आहे, पण मनाला स्वस्थता हवी आहे, असं त्यांनी उत्तर दिलं. यावर त्यांना रागवण्यात आलं नाही. चार पाखरं घ्यायला सांगून दाखवण्यात आलं. खलीलुल्लाह म्हणवल्या जाणाऱ्या पैगंबराला मनाची स्वस्थता मागावी लागली, आणि मागितल्यावर मिळाली. तूही माग.

इमाम गझालींचं तर शरीरच थांबलं होतं. बगदादच्या निजामिया मदरशात शेकडो विद्यार्थी ज्यांच्यापुढे बसत, ते गझाली इ.स. 1095 मध्ये एक दिवस शिकवायला बसले आणि जीभ उचलेना. अन्न जाईना. हकिमांनी हात टेकले, आजार मनातून आलेला आहे म्हणाले. आपण जे शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांना खात होता. त्याआधीही एकदा असा काळ येऊन गेला होता की इंद्रियांवर आणि बुद्धीवरही त्यांचा भरवसा उरला नव्हता. पद, पैसा सोडून ते दमिश्कला गेले, पुढे बैतुल मुकद्दसला. हे सगळं त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवलं. उम्मतने त्यांना संशयी म्हणून टाकलं नाही, हुज्जतुल इस्लाम म्हटलं.

आता मला तुला जे खरं म्हणायचं आहे ते. तू ईमान मोजते आहेस ते आतल्या भावनेने. भावना गेली म्हणून ईमान गेलं, असा तुझा हिशेब. कुरआन आणि हदीस मात्र ईमान मोजायला पुन्हा पुन्हा माणसाला घराबाहेर काढतात.

पहिली वह्य आली तेव्हाचं आठव. हिरा गुहेतून हुजूर थरथरत घरी आले. मला पांघरूण घाला म्हणाले. आपल्याला जिवाची भीती वाटते, असं त्यांनी बीबी खदीजा (रजि.) यांना सांगितलं. त्या क्षणी कुरआनच्या मोजक्याच आयती उतरलेल्या होत्या. ना नमाजचे नियम होते, ना रोजे, ना उम्मत. खदीजांनी काय पुरावा दिला? त्यांनी सांगितलं की अल्लाह तुमची फजिती कधीच होऊ देणार नाही. तुम्ही नातेवाइकांना धरून राहता, दुबळ्यांचं ओझं उचलता, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना कमावून देता, पाहुण्याचं आतिथ्य करता, संकटात सापडलेल्याच्या बाजूने उभे राहता. इस्लाममधली पहिली ईमान आणणारी व्यक्ती एक स्त्री आहे, आणि तिचा पहिला युक्तिवाद हा आहे. नवऱ्याचं इतक्या वर्षांचं वागणं तिने पाहिलं होतं, आणि अशा माणसाला अल्लाह फसवणार नाही, हे तिच्या दृष्टीने पुरेसं होतं. यापेक्षा भक्कम दलील मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही.

सूरह माऊन तू रोज नमाजमध्ये पढतेस. सात छोट्या आयती. तिच्यात विचारलंय, दीनला खोटं ठरवणारा कोण ते पाहिलंस का? मला तरुणपणी वाटायचं, आता उत्तर येईल की मूर्तीपुढे झुकणारा किंवा रसूलला न मानणारा. उत्तर येतं, अनाथाला धक्के मारून हाकलणारा. गरिबाला जेवू घालायला दुसऱ्यांना न सांगणारा. आणि पुढे त्या नमाजींवर हाय आहे जे आपल्या नमाजबाबत बेफिकीर आहेत, दिखावा करतात आणि शेजाऱ्याला रोजच्या वापरातली साधी वस्तूसुद्धा द्यायला नकार देतात. ईमानाची परीक्षा एका तपेलीवर, एका कुऱ्हाडीवर, मूठभर मिठावर येऊन ठेपते. अनेक मुफस्सिरांनी, म्हणजे कुरआनच्या भाष्यकारांनी, माऊनचा अर्थ असल्याच वस्तू असा दिला आहे.

तीच गोष्ट निफाकची, म्हणजे ढोंगीपणाची. हंजलांना स्वतःवर जो संशय आला, तो तुलाही स्वतःवर आलाय. मग हुजूरांनी मुनाफिकच्या सांगितलेल्या खुणा पाहा. बोलला की खोटं बोलतो, वचन दिलं की मोडतो, विश्वासाने काही सोपवलं की त्यात खयानत करतो. यातली एकही खूण सजद्यातल्या भावनेबद्दल नाही. तिन्ही माणसामाणसांतल्या व्यवहाराबद्दल आहेत. तू तुझ्या वॉर्डात रुग्णाच्या कागदावर खोटी नोंद करतेस का? नातेवाइकांना पुन्हा येते सांगून जात नाहीस का? बेशुद्ध माणसाच्या उशाशी ठेवलेली बांगडी, घड्याळ जपून देत नाहीस का? मग कशाला घाबरतेस?

ईमानाच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत, अशी हदीस आहे. सर्वांत वरची ला इलाह इल्लल्लाह म्हणणं, सर्वांत खालची वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला सारणं, आणि हया हीसुद्धा त्यातलीच एक. इमाम बैहकी, तेही आपल्यासारखे शाफईच, त्यांनी या शाखा एकेक करून शोधल्या आणि त्यावर शुअबुल ईमान हा मोठा ग्रंथ लिहिला. मला त्यातली खालची शाखा फार आवडते. वरची शाखा हाताला लागत नाही असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी वाटेतला काचेचा तुकडा उचल. झाड तेच आहे.

आणि शेजारी. तीनदा अल्लाहची शपथ घेऊन हुजूरांनी म्हटलं की तो मोमिन नाही. कोण, असं लोकांनी विचारलं. ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी निर्धास्त नाही तो, असं उत्तर आलं. शेजारी मुसलमान असावा अशी अट त्यात नाही. अब्दुल्लाह इब्न अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं, आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवलं का? हे मी मुद्दाम लिहिते, कारण हल्ली ईमानाच्या नावाने मोठ्याने बोलणारे खूप आहेत, आणि त्या आवाजात शेजारधर्म ऐकू येत नाही. याचं मला फार दुःख होतं.

तुझ्या पत्रातली सगळ्यांत कठीण ओळ वेगळीच होती. मी आदल्या आठवड्यात रजा घेऊन आले असते तर अब्बांना वेळेवर दवाखान्यात नेता आलं असतं, असं तू लिहिलंस. नर्स असून मला कळलं नाही, असंही.

ही 'असतं तर' ची वाट हुजूरांनी बंद करायला सांगितली आहे. त्यांनी म्हटलं, तुझ्या फायद्याच्या गोष्टीसाठी झट, अल्लाहची मदत माग, हतबल होऊन बसू नकोस. आणि मग काही घडलं तर असं केलं असतं तर असं म्हणू नकोस, कारण त्या शब्दाने शैतानाचं काम सुरू होतं. यात झटणं आधी आहे हे लक्षात घे. तकदीरवर ईमान म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. इ.स. 639 च्या सुमारास हजरत उमर शामकडे निघाले होते. वाटेत सर्ग या ठिकाणी त्यांना कळलं की शाममध्ये प्लेग पसरला आहे. मुहाजिर, अन्सार, कुरैशमधले जाणते, सगळ्यांशी मसलत करून त्यांनी परत फिरायचं ठरवलं. सेनापती अबू उबैदा (रजि.) म्हणाले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर म्हणाले, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्या दुसऱ्या तकदीरकडे. तुमचे उंट दरीत उतरले, एक बाजू हिरवी, दुसरी ओसाड. हिरव्या बाजूला चारले तरी ती तकदीरच आणि ओसाड बाजूला चारले तरी तकदीरच, नाही का? उमर मदीनेला परतले. अबू उबैदा आपल्या सैन्याबरोबर राहिले आणि त्याच साथीत वारले. दोघांपैकी कुणाचंही ईमान उणं नव्हतं. तुझ्या पेशाला तकदीरचा हा अर्थ मी तरी सगळ्यांत जवळचा मानते. औषध देणं ही तकदीर आहे, आणि औषध देऊनही माणूस जाणं हीसुद्धा तकदीर आहे. तू तेव्हा तुझ्या वॉर्डात दुसऱ्या कुणाच्या तरी अब्बांजवळ होतीस.

रडण्याबद्दल तुला कुणीतरी टोकलं, सब्र कर म्हणून. ज्यांनी कुणी टोकलं त्यांनी हुजूरांच्या मुलाची हकीकत वाचलेली नसावी. हुजूरांचा मुलगा इब्राहीम दीड-दोन वर्षांचा असताना गेला. त्याचा जीव जात असताना हुजूरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अब्दुर्रहमान इब्न औफ (रजि.) यांनी आश्चर्याने विचारलं, तुम्हीसुद्धा? हुजूर म्हणाले की ही रहमत आहे. डोळे रडतात, मनाला दुःख होतं, पण आपल्या रबला पसंत नाही असं तोंडातून काही काढायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. सब्र म्हणजे एवढंच. अश्रू अडवणं त्यात येत नाही. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे यूसुफसाठी रडून पांढरे झाले होते, आणि सब्रे जमील त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हुजूरांचा मुलगा गेला त्या दिवशी आणखी एक घडलं. सूर्याला ग्रहण लागलं. इ.स. 632 चा जानेवारी महिना. लोक म्हणू लागले, पैगंबरांचा मुलगा गेला म्हणून सूर्य काळवंडला. बेटा, या जागी जरा थांबून विचार कर. पोटचा मुलगा गेलेला बाप आहे. लोक आपणहून त्याचा महिमा वाढवत आहेत. नुसतं गप्प बसलं असतं तरी पुरे होतं. हुजूर उठले, लोकांना नमाज पढवली आणि सांगितलं की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. दुःखाच्या भरातही खोट्या गोष्टीचा आधार त्यांनी घेतला नाही. सच्चेपणा हा ईमानाचा गुण आहे असं आपण शाळेतल्या मुलांना सांगतो. तो किती महाग असू शकतो ते या एका दिवसात दिसतं. ज्याने असल्या क्षणी खरं सांगितलं, त्याने आखिरतबद्दल सांगितलेलं खरं मानायला माझं मन कधी कचरलं नाही. अब्बा आणि तुझी भेट होणार आहे, यावर माझा विश्वास या पायावर उभा आहे.

आणि तुझ्या रात्रपाळीबद्दल. एक हदीसे कुदसी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह म्हणेल, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. बंदा म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा रब, तुला कसं भेटायला यायचं? अल्लाह सांगेल, माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला त्याच्याजवळ भेटलो असतो. मग भुकेल्याबद्दल आणि तहानेल्याबद्दलही असंच विचारलं जाईल. त्यांच्याबाबतीत मात्र दिलेल्या अन्नपाण्याचा मोबदला माझ्याकडे मिळाला असता, असं तो म्हणेल. आजाऱ्याच्या बाबतीत तो स्वतःच तिथे असल्याचं सांगतो. ऐकणारं कुणी आहे का, असं तू वॉर्डात बसून विचारतेस. तुला आणखी कुठे जायला नको आहे.

एवढ्या कोरडेपणातही करता येतील अशा गोष्टी सांगते. फज्र सोडू नकोस. रात्रपाळी संपवून थकून आलीस तर दोन सुन्नत आणि दोन फर्ज पढ आणि झोप. लांब दुआ नको, जमत नसेल तर हात उचलून गप्प बस. कुरआनचं एकच पान वाच, पण अर्थासह, आणि मराठी भाषांतरच वाच, ज्या भाषेत तू विचार करतेस त्या भाषेत. जिला आई-वडील नाहीत अशी तुझ्या वसतिगृहातली ती केरळची मुलगी, तिला ईदला घरी घेऊन ये.

आता एक कामाची गोष्ट, आणि ही लवकर करायला हवी. अब्बांच्या दुकानात एक जाड वही आहे. लोक त्यांच्याकडे विश्वासाने पैसे ठेवायचे, भिशीचे, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले. त्यात मुसलमान आहेत, मराठा आहेत, एक गुजराती कुटुंबही आहे. हिजरतच्या रात्री मक्केवाले हुजूरांच्या जिवावर उठले होते, आणि त्याच मक्केवाल्यांच्या ठेवी हुजूरांच्या घरात होत्या. हुजूरांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवलं, त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. शत्रूची अमानतसुद्धा बरोबर नेली नाही. आणि एखाद्याचा जनाजा आला की हुजूर विचारत, याच्यावर कर्ज आहे का? असलं आणि फेडायची सोय नसली तर स्वतः नमाज पढवत नसत. एकदा अबू कतादा (रजि.) यांनी मयताचं कर्ज आपल्या अंगावर घेतलं, तेव्हा कुठे हुजूर पुढे झाले.

दफनच्या वेळी तुझ्या भावाने उभं राहून सांगितलं होतं की अब्बांकडे कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला सांगा. गरीब लोक सांगायला संकोचतात. म्हणून आपणच त्यांच्याकडे गेलं पाहिजे. शरीयतमध्ये क्रम ठरलेला आहे, कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि त्यानंतर वारसांचा हिस्सा. चाळिसाव्याचं जेवण या क्रमात कुठेच नाही. घरात त्याची बोलणी सुरू आहेत असं अम्मीकडून कळलं. माझं स्पष्ट मत आहे, देगी चढवण्याआधी वहीतली नावं पुरी व्हावीत. मी हे अम्मीला सांगितलंय, तूही भावाला सांग. तुझा शब्द तो ऐकतो.

पुढच्या रविवारी साताऱ्याला जा, वही घेऊन बस आणि नाव, गाव, रक्कम अशी यादी करून मला पाठव. कमी पडेल ते माझ्या पेन्शनमधून मी देईन, त्यात संकोच करू नकोस. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्यासाठी कुणाला विचारायचं ते मी पाहते.

अल्लाह अब्बांची मगफिरत करो आणि तुला सांभाळो.

तुझी,
खाला